बुडून मृत्यू? आधी पूलची वायरिंग दाखवा



सुट्ट्या लागल्या की लोणावळा, कर्जत, मुळशी, अलिबाग या बाजूचे बंगले भराभर बुक होतात. बुक करताना तुम्ही काय विचारता? खोल्या किती, एसी आहे का, जेवणाची सोय काय, आणि पूल फक्त आपल्यालाच ना? एखादा चौकस बाबा पाण्याची खोली विचारतो, एखादी आई पाणी कधी बदललं ते विचारते. "पूलच्या लाइनला आरसीसीबी आहे का? शिडीचं आणि स्लॅबच्या सळ्यांचं बाँडिंग केलंय का?" असं मात्र कोणी विचारत नाही. विचारलंच तर पलीकडून उत्तर येतं, "काळजी करू नका साहेब, अर्थिंग आहे."

या एका वाक्यावर माझा राग आहे आणि आजचा लेख त्याच्यावरच आहे. "अर्थिंग आहे" हे उत्तर अपुरं आहे. आपल्याकडच्या जमिनीत तर ते बऱ्याचदा निरर्थक असतं. आरसीसीबी आणि बाँडिंग या दोन्ही गोष्टी नसताना पूल भाड्याने देणं याला मी निष्काळजीपणा म्हणतो. त्यात कोणी दगावलं तर "दुर्दैवी घटना" हा शब्द वापरायला माझी तयारी नाही.

डॉक्टरने विजेवर का बोलावं? कारण वायरमनचं काम बिघडतं तेव्हा त्याचा हिशोब शेवटी आमच्या टेबलावर येतो. आपल्या देशात गेली काही वर्षं विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. त्यात पाण्यात असताना किती गेले, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. का कळत नाही, ते पुढे सांगतो.

शरीरात नेमकं काय होतं?

आपल्याला भीती व्होल्टची वाटते. शरीराला इजा करतो तो करंट, म्हणजे शरीरातून प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह. तो मोजायचा मिलिअँपिअरमध्ये, अँपिअरच्या हजाराव्या भागात. तुमच्या घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा पेटायला साधारण 40 मिलिअँपिअर लागतात. एवढी कल्पना डोक्यात ठेवा आणि पुढे वाचा.

एक मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात. दहाच्या आसपास स्नायू आपलं ऐकेनासे होतात. हाताच्या बोटांची मूठ वळवणारे स्नायू हे मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा जास्त ताकदवान असतात. करंटमुळे दोन्ही एकदम आखडतात आणि जिंकतात मूठ वळवणारे. म्हणून शॉक लागलेला माणूस लोखंडी शिडी सोडत नाही. ती त्याला "चिकटवून" ठेवते असं आपण म्हणतो, पण खरं तर त्याचा स्वतःचा हातच त्याला सोडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, चार्ल्स डॅल्झिएल नावाच्या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर याची मोजणी केली होती. हात सोडवता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी 16 मिलिअँपिअर आणि स्त्रियांत साडेदहाच्या आसपास निघाली. मुलांची मर्यादा त्याहून कमी धरतात.

करंट आणखी वाढला, तीसच्या पुढे गेला, की छातीचे स्नायू आखडतात आणि श्वास थांबू शकतो. पन्नास ते शंभरच्या टप्प्यात, एक-दोन सेकंद जरी करंट छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरायला लागतं. रक्त पुढे ढकललं जात नाही. याला आम्ही व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतो. नऊ वॅटच्या दिव्याइतका करंट आणि थांबलेलं हृदय यांच्यात फारसं अंतर नाही, ते एवढंच.

आता यात पाणी आणा. कोरडी, राठ त्वचा करंटला चांगला अडथळा करते. तीच त्वचा ओली झाली की हा अडथळा कोसळतो. ओल्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरतात, पाण्यात बुडालेल्या शरीराचा त्याहूनही कमी. त्यातून गोड्या पाण्यापेक्षा आपलं शरीर विजेला जास्त सोयीचं, कारण आपल्या आत खारं पाणीच आहे. करंट पाण्यातून वाट काढताना माणूस मध्ये आला तर त्याच्यातूनच जाणं पसंत करतो.

आणि जमिनीवर ज्या धक्क्याने माणूस "आई गं" म्हणून हात झटकेल, तो धक्का पाण्यात जीव घेऊ शकतो. त्यासाठी हृदय बंद पडायची गरजच नाही. दहा-पंधरा मिलिअँपिअरमध्ये हातपाय आखडतात, ओरडता येत नाही, डोकं पाण्याखाली जातं. माणूस बुडतो. पट्टीचा पोहणारासुद्धा.

मग कागदावर काय येतं?

"बुडून मृत्यू." पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, शवविच्छेदन होतं, फुप्फुसात पाणी सापडतं. विजेच्या धक्क्याची खूण म्हणून आम्ही त्वचेवरचा भाजल्याचा डाग शोधतो. पण पाण्यात करंट अंगाच्या मोठ्या भागातून पसरून शिरतो, एका बिंदूतून नाही. त्यामुळे डाग बहुतेक वेळा पडतच नाही. मृतदेह हे गुपित सांगू शकत नाही, ते पूलच्या वायरिंगलाच विचारावं लागतं, आणि तेही त्याच दिवशी, कोणी गुपचूप जोडणी बदलायच्या आत.

तसं विचारलं जातं का? आधी शेजारी म्हणतात, "प्यायला असेल." मग नातेवाईक म्हणतात, "फिट आली असेल." आमच्यातले काही जण म्हणतात, "हार्ट अटॅक दिसतो." तिघांचंही खरं असू शकतं. पण पोहता येणारा धडधाकट माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडतो, किंवा एकाला काढायला गेलेला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला गेलेला तिसराही पाण्यातच राहतो, तेव्हा पहिली शंका विजेची घ्यायला हवी. आपल्या गावाकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मोटारीची केबल सोललेली विहीर त्याने पाहिलेली असते. "पाण्यात करंट उतरलाय, कोणी उतरू नका" हे तो आधी ओरडतो. शहरातून आलेल्या, निळ्या टाइल्सवर भुललेल्या पाहुण्याला ते सुचत नाही.

विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकांना देण्याची तरतूद विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 161 मध्ये आहे. पण "बुडून" लिहिलं की तो विजेचा अपघात राहतच नाही, निरीक्षक येतच नाहीत, आणि पुढच्या शनिवारी तोच पूल दुसऱ्या कुटुंबाला दिला जातो. म्हणून शवविच्छेदन करणाऱ्या माझ्या मित्रांनाही माझं सांगणं आहे: पूलमधला मृत्यू असेल तर जागेची विद्युत तपासणी मागा. मत राखून ठेवता येतं, घाई कसली आहे?

"अर्थिंग आहे" यात चूक काय?

इथे थोडं गणित आहे. घाबरू नका, सातवीच्या पुढचं नाही.

पंपाची मोटर आतून खराब झाली आणि तिच्या लोखंडी खोक्याला फेज टेकली, असं समजा. खोकं अर्थिंगला जोडलेलं आहे. लोकांची समजूत अशी की करंट जमिनीत "निघून जातो" आणि विषय संपतो. प्रत्यक्षात वीज जमिनीत मुरत नाही. तिला जिथून आली त्या ट्रान्सफॉर्मरकडे परत जायचं असतं. बंगल्याच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत, जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्यात, असा तिचा रस्ता. बंगल्याच्या खड्ड्याचा रोध 20 ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा 3 ओहम धरा. एकूण 23. व्होल्टेज 230. म्हणजे करंट वाहील 10 अँपिअर.

आता एमसीबी 16 अँपिअरचा आहे. दहा अँपिअर त्याच्या दृष्टीने नेहमीचाच भार. तो पडणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. दरम्यान मोटरच्या खोक्यावर आणि तिला जोडलेल्या प्रत्येक धातूवर 20 गुणिले 10, म्हणजे 200 व्होल्ट बसून आहेत. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि शिडीवर 200 व्होल्टही आहेत.

वीस ओहम हा आकडा मी मुद्दाम वाईट घेतला असं वाटेल. लोणावळ्याचा काळा पाषाण किंवा कोकणातला जांभा आठवा. अशा खडकात चांगला खड्डा घेणं अवघडच. घेतला तरी त्यातला कोळसा-मीठ काही वर्षांनी कामातून जातं. मे महिन्यात, म्हणजे नेमकं पूल भरलेले असताना, खड्डा कोरडा ठणठणीत पडलेला असतो. त्यात पाणी घालायचं असतं हे ठाऊक असलेला केअरटेकर भेटला तर त्याला माझा नमस्कार सांगा.

काही वायरमन तर खड्ड्याच्या भानगडीतच पडत नाहीत. सॉकेटमधल्या अर्थच्या पिनेला न्यूट्रलचीच तार जोडून देतात. टेस्टर लावला की सगळं ठीक दिसतं. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी त्या सॉकेटवरच्या प्रत्येक यंत्राचं धातूचं अंग जिवंत होईल. याला जुगाड म्हणून कौतुक करणारे लोक मी पाहिलेत.

दोन गोष्टी, आणि दोन्हीही हव्यात

पहिली, आरसीसीबी. जुने लोक ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच हे यंत्र बघतं. फरक पडला म्हणजे गळती आहे, कदाचित कोणाच्या शरीरातून. माणसाच्या रक्षणासाठी तो 30 मिलिअँपिअरचा घ्यायचा. 16 अँपिअरच्या एमसीबीपेक्षा तो पाचशे पटींहून जास्त हळवा असतो, आणि गळती मोठी असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात लाइन तोडतो. वर सांगितलेले डॅल्झिएल यांनीच 1961 मध्ये याचा अमेरिकी प्रकार तयार केला, तो पाच मिलिअँपिअरच्या आसपासच पडतो. अमेरिकेत तो सक्तीचा होण्याची सुरुवात 1968 मध्ये झाली, आणि कुठून झाली? पूलमधल्या पाण्याखालच्या दिव्यांपासून.

आपल्याकडे काय होतं? पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडायला लागतो. पाहुणे तक्रार करतात. वायरमन येतो, आरसीसीबी काढून तारा थेट जोडतो आणि "फॉल्टी होता" म्हणतो. अहो, तो फॉल्टी नव्हता! ओल शिरलेल्या दिव्यातून गळती होत होती आणि तो ओरडून सांगत होता. ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?

दुसरी गोष्ट, बाँडिंग. याबद्दल आपल्याकडे जवळपास शुकशुकाट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक का लागत नाही? त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, एकाच व्होल्टेजवर असतात. धक्का बसायला फरक लागतो. बाँडिंग म्हणजे पूलच्या परिसरातल्या सगळ्या धातूंना जाड तांब्याने एकमेकांशी जोडून टाकणं: शिडी, कठडे, दिव्याचं खोकं, पंपाचं अंग, जवळचं कुंपण, काँक्रीटमधल्या सळ्या, आणि कडेची चालायची फरशी ज्यावर आहे तो थरसुद्धा. मग कुठूनही व्होल्टेज आलं तरी सगळं एकदम वर जातं, एकदम खाली येतं. तुमचा ओला पाय फरशीवर आणि हात शिडीवर असला तरी दोघांत फरक नाही. तुम्ही कावळ्यासारखे सुरक्षित.

अर्थिंगचं काम करंटला परतीची वाट देणं. बाँडिंगचं काम माणसाच्या दोन हातांमध्ये फरक पडू न देणं. एक केलं म्हणून दुसरं झालं असं नाही.

"आरसीसीबी आहे ना, मग बाँडिंगचा खर्च कशाला?" हा प्रश्न मला एका बंगलेवाल्यांनी विचारला आणि प्रश्न चांगला आहे. उत्तर असं, की आरसीसीबी फक्त स्वतःच्या लाइनवर पहारा देतो. शेजारच्या बंगल्याच्या खड्ड्यात गळती होत असेल, किंवा मागच्या खांबावरचा न्यूट्रल तुटून करंट जमिनीतून वाट काढत असेल, तर तो तुमच्या आरसीसीबीतून गेलेलाच नसतो. त्याला ते दिसणारच नाही. अशी भटकी वीज तुमचा मेन स्विच बंद असतानाही पूलमध्ये येऊ शकते. तिच्यापुढे उपाय बाँडिंगचाच.

"हे परदेशी चोचले आहेत" असंही ऐकू येतं. अमेरिकेच्या विद्युत संहितेत 680 क्रमांकाचं अख्खं कलम पूल आणि कारंज्यांसाठी आहे, आंतरराष्ट्रीय मानक 60364 चा 702 वा भाग त्यासाठीच आहे. बरं, ते सोडा. आपल्या आयएस 3043 या अर्थिंगच्या संहितेतही हे समान व्होल्टेजचं तत्त्व सांगितलेलं आहे. विजेचे नियम व्हिसा घेऊन येत नाहीत, तांबं सगळीकडे तसंच वागतं.

खर्चाचं रडगाणं तर मला मुळीच मान्य नाही. आरसीसीबीची किंमत त्या बंगल्याच्या वीकेंडच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा कमी असते. बाँडिंग बांधकामाच्या वेळी केलं तर निळ्या टाइल्सच्या खर्चापुढे किरकोळ आहे. महाग पडतं ते नंतर, कारण काँक्रीट ओतल्यावर सळ्यांपर्यंत पोहोचायचं कसं? म्हणून तुम्ही स्वतः फार्महाउस बांधत असाल तर स्लॅब पडायच्या आधी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराला बोलवा आणि सळ्या जोडल्याचा फोटो घ्या. फायबरग्लासच्या तयार टाकीत सळ्या नसतात, पण तिथेही पाण्याशी संपर्कात राहील असा धातूचा भाग बसवून तो बाँडिंगला जोडावा लागतो. पाण्यातले दिवे 12 व्होल्टचेच, आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब. 230 व्होल्टचा दिवा पाण्याखाली बसवणाऱ्या माणसाला दुसरं कामच देऊ नका.

आणखी एक आपल्याकडची खास भानगड. वीज गेली की पूलचे दिवे इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर जातात. आरसीसीबी इन्व्हर्टरच्या अलीकडे असेल तर त्या वेळी तो कोणाचंच रक्षण करत नाही. तो इन्व्हर्टरच्या पलीकडे, दिव्यांकडे जाणाऱ्या वाटेवर हवा. जनरेटरचा न्यूट्रल नीट अर्थ केलेला नसेल तर तिथेही हीच कथा.

मुंग्या म्हणजे क्लोरीन नव्हे

माझ्याकडे एक बाई खांदेदुखीसाठी आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "डॉक्टर, त्या पूलमध्ये शिडी धरली की हाताला झिणझिण्या यायच्या. केअरटेकर म्हणाला, आज क्लोरीन जास्त पडलंय." त्यांची दोन्ही मुलं त्या पूलमध्ये दोन तास खेळली होती. क्लोरीनने डोळे चुरचुरतात, त्वचा कोरडी पडते, नाकात वास बसतो. शिडी धरली की येणाऱ्या आणि सोडली की थांबणाऱ्या झिणझिण्या क्लोरीनच्या नसतात. ती वीज असते, आणि एक मिलिअँपिअरपासून दहापर्यंतचा प्रवास एखाद्या सैल झालेल्या तारेइतकाच असतो.

अशा मुंग्या आल्या तर शिडीकडे जाऊ नका. जिथे मुंग्या कमी होतात त्या दिशेला सरका आणि धातूला हात न लावता काठावरून बाहेर या. सगळ्यांना बाहेर काढा. "चल रे, काही नाही होत" म्हणणाऱ्या काकांनाही.

कोणी पाण्यात निपचित दिसलं आणि विजेची शंका असली, तर उडी मारू नका. हे सांगणं सोपं आहे, आत तुमचं मूल असताना पाळणं किती कठीण आहे याची मला कल्पना आहे. पण तुम्हीही आखडलात तर त्याला काढणारा कोणी उरणार नाही. एकाने मेन स्विच बंद करायला धावायचं, इन्व्हर्टर आणि जनरेटरसकट. दुसऱ्याने 108 ला फोन. तिसऱ्याने कोरडा बांबू, प्लास्टिकचा पाइप, ट्यूब, दोर जे मिळेल ते वापरून ओढायचं. वीज बंद केल्यावरही शक्यतो असंच काढा, कारण वर सांगितलेली भटकी वीज मेन स्विचला जुमानत नाही. म्हणून बंगल्यावर पोहोचलात की बॅगा उघडण्याआधी मेन स्विच कुठे आहे ते पाहून घ्या. तिथेच "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं बटण असलेला डबा दिसतो का, तेही बघा. असेल तर केअरटेकरसमोर दाबायला सांगा. लाइन गेली पाहिजे. नाही गेली, किंवा असा डबाच नाही, तर त्या पूलमध्ये मुलांना उतरवू नका. पैसे बुडाले तरी चालतील. (हाच प्रयोग घरी गीझरच्या लाइनवरही करा. बाथरूमही ओलंच असतं.)

बाहेर काढल्यावर श्वास बघा. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब: तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. बुडालेल्या माणसात श्वास देणं टाळू नका, नुसत्या दाबांनी भागत नाही. पोट दाबून पाणी काढायच्या नादी लागू नका, त्यात वेळही जातो आणि उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. एईडी मिळालं तर छाती कोरडी पुसून लावा.

आणि जो वाचला, बोलायला लागला, हसला, त्यालाही घरी नेऊन झोपवू नका. शुद्ध हरपली होती, छातीत दुखतंय, धडधड होतेय, कुठे भाजलंय, बाई गरोदर आहे किंवा आधीपासून हृदयविकार आहे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात ईसीजी हवा. नाकातोंडात पाणी गेलं असेल तर पुढचे सहा ते आठ तास निरीक्षणाखाली काढायचे. खोकला वाढला, दम लागला, किंवा मूल विनाकारण पेंगायला लागलं तर कोणालाही न विचारता जवळचं रुग्णालय गाठा, आणि तिथल्या डॉक्टरांना "पाण्यात बुडाला" एवढंच सांगू नका. "पाण्यात करंट होता" हेही सांगा.